पाण्याची रेल्वे आणि एक ड्रम इथेनॉल

मागच्या दिवाळीनंतर एका रात्री किल्लारीहून चाचांचा फोन आला. सलाम-दुआ झाली, तब्येतीची विचारपूस झाली आणि मग ते मुद्द्यावर आले. "बेटा, तू इंजिनिअर आहेस. आपला कारखाना पुन्हा सुरू झालाय. इथेनॉलमुळे उसाला चांगले दिवस आलेत म्हणतात. बोअरखालच्या दोन एकरांत ऊस लावू का?"

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. शेतीतलं मला चाचांच्या दहाव्या हिश्श्याइतकंही कळत नाही. तरी त्यांनी मला विचारलं, कारण दोन वर्षांपूर्वी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ मीच टाकला होता. शेतकरी आता अन्नदाता राहणार नाही, ऊर्जादाता होणार, अशा आशयाचा. खाली मी लिहिलं होतं, "चाचा, पुढचा जमाना इथेनॉलचा." ते फॉरवर्ड करायला मला दोन सेकंद लागली होती. आता चाचा त्यावर दोन एकर लावायला निघाले होते.

मी त्यांना म्हणालो, चार दिवस द्या. त्या चार दिवसांत जे वाचलं, जी आकडेमोड केली, ती इथे मांडतो आहे. लातूर, नांदेड, बीड, धाराशिवकडच्या तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा, चाचा, मामू हाच प्रश्न विचारत असतील. आणि ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, तेही रोज पंपावर हेच इंधन गाडीत भरतात.

पेट्रोलमध्ये नेमकं काय मिसळतात?

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. उसाचा रस, साखर काढून उरलेली मळी, मका, तुकडा तांदूळ अशा कशातलीही साखर किंवा स्टार्च यीस्टच्या मदतीने आंबवायचा आणि त्याचं ऊर्ध्वपातन करायचं. जुम्म्याच्या नमाजनंतर एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं, "भाई, पेट्रोलमध्ये अल्कोहोल असेल तर ते चालतं का?" मी आलिम नाही. तो सवाल मी त्याला आलिमांनाच विचारायला सांगितला. पण त्याला हेही म्हणालो, की आणखी एक सवाल आहे आणि तो आपण कुणीच विचारत नाही. हे इंधन कुणाच्या पाण्यावर तयार होतं?

भारताने पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये काही राज्यांत सुरुवात केली. २०१४ पर्यंत प्रत्यक्षातलं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळत होतं. २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचं उद्दिष्ट मुदतीच्या आधी पूर्ण झालं आणि आधी २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे ओढलं गेलं. २०२५ मध्ये देश त्या टप्प्याला पोहोचला. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई-२०, शंभरातले वीस भाग इथेनॉल.

या कार्यक्रमाचे फायदे खोटे नाहीत. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. आखातात काही झालं की त्याची झळ किल्लारीच्या पंपावर लागते. शिवाय साखरेचे ढीग गोदामात पडून असायचे आणि शेतकऱ्याची एफआरपी थकायची, ते दिवस चाचांनी पाहिले आहेत. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे लवकर देतात, त्यामुळे कारखान्याच्या हातात रोकड खेळते. हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे. नाहीतर आपण नुसते विरोधासाठी विरोध करणारे ठरू.

रेल्वेच्या डब्यांतलं पाणी

१९९३ चा भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला त्यातलं काही आठवत नाही, जे आहे ते अम्मीकडून ऐकलेलं. पण २०१६ मला नीट आठवतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात नळ बंद होते. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. माझ्या खाला लातूरला राहतात. त्या वर्षी त्यांच्या घरात वुजूसाठी माणशी एक लोटा ठरलेला होता. त्यातलं सांडलेलं पाणीही परातीत धरून झाडाला घालायचे.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा डबे, सुमारे ५ लाख लिटर पाणी. देशभरच्या वाहिन्यांनी ती दाखवली. पुढे पन्नास डब्यांची गाडी एका फेरीत २५ लाख लिटर आणू लागली. जवळपास चार महिने ती चालली, शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या आणि एकंदर २५ कोटी लिटरच्या आसपास पाणी आलं.

आता दुसरा आकडा. निती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. सरकारचा स्वतःचा कागद आहे, विरोधकांचा नाही. त्यात म्हटलं आहे, की एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं आणि उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. ऊस आणि भात ही दोन पिकं मिळून देशाच्या सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी पितात, हेही त्याच कागदात आहे.

मी मोबाइलवर भागाकार केला. ५ लाख भागिले २,८६०. उत्तर आलं १७५.

पाण्याच्या त्या पहिल्या रेल्वेतल्या सगळ्या पाण्यावर पिकवलेल्या उसातून १७५ लिटर इथेनॉल तयार होतं. ऑइलचा निळा ड्रम असतो ना, दोनशे लिटरचा, तोही भरत नाही. ई-२० च्या हिशेबाने त्यातून ८७५ लिटर मिश्रित पेट्रोल तयार होईल. म्हणजे नव्वदेक मोटरसायकलींच्या टाक्या एकदा फुल्ल.

आणि चार महिन्यांत आलेलं ते सगळं २५ कोटी लिटर? त्याचं इथेनॉल होतं साधारण ८७ हजार लिटर. दिवसाला एक लाख लिटर क्षमतेची डिस्टिलरी ते एका दिवसाच्या आत करून मोकळी होईल.

या हिशेबावर हरकत घेता येते आणि ती रास्त आहे. ऊस आधी साखरेसाठी लावला जातो, मळी ही उरलेली वस्तू, मग सगळं पाणी इथेनॉलच्या नावावर कशाला? मळीपुरतं हे खरं आहे. पण कारखाने थेट रसापासून किंवा साखर अर्धवट काढलेल्या बी-हेवी मळीपासून इथेनॉल करतात, तेव्हा ऊस इंधनासाठीही वापरला जातो. त्या पाण्यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे, हेही खरं. पण आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि ऊस बारा महिने उभा राहणारा. उरलेले आठ महिने तो धरणातून, विहिरीतून नाहीतर बोअरमधून पितो. चाचांचा बोअर साडेपाचशे फुटांवर आहे. आधीचा अडीचशे फुटांचा होता, तो आटला.

ब्राझीलचा दाखला इथे का चालत नाही

इथेनॉलचं कौतुक करताना ब्राझीलचं नाव नेहमी येतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्यांनी १९७५ मध्ये राष्ट्रीय अल्कोहोल कार्यक्रम सुरू केला आणि आज तिथल्या लाखो गाड्या निव्वळ इथेनॉलवरही धावतात. पण ब्राझीलचा ऊस मुख्यतः साओ पावलोच्या पट्ट्यात, बराचसा पावसाच्या पाण्यावर येतो. तिथे वर्षाला चौदाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लातूर जिल्ह्याची सरासरी त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, आणि तीही दर काही वर्षांनी दगा देणारी. ब्राझीलचं यंत्र आणता येईल, धोरण आणता येईल, पाऊस आणता येणार नाही.

हे कुणाला माहीत नाही असंही नाही. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनीच राज्य सरकारला अहवाल दिला होता, की या भागात ऊस थांबवावा. पुढे त्याचं काय झालं ते आपण आपल्या शिवारात पाहतोच.

हवामानाच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्या. जैवइंधन जळताना निघणारा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून ते स्वच्छ, असं आपण शाळेपासून वाचतो. पण बोअर चालवणारी वीज अजूनही मुख्यतः कोळशाची आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. ट्रॅक्टर आणि उसाची वाहनं डिझेलवर चालतात. पाणी जितकं खोल, तितका इथेनॉलमागचा कोळसा जास्त. हे साधं गणित कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही.

मका तिकडे, भाव इथे पडला

मला वाटलं होतं, उसाचं पाणी हाच एक प्रश्न असेल. पण चाचांच्या घराला इथेनॉलची झळ आधीच लागून गेली होती आणि ती आम्हाला कुणालाच कळली नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचं उत्पादन घटणार असं दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं घातली. ती पुढे उठली, पण दरम्यान गाडी धान्याकडे वळली, मुख्यतः मक्याकडे. २०२४-२५ मध्ये देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून झालं. कोंबड्यांचं खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडू लागले. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला.

मक्यातला स्टार्च काढून घेतला की मागे प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो. त्याला डीडीजीएस म्हणतात. तो जनावरांना आणि कोंबड्यांना खाऊ घालतात. डिस्टिलरीला तो विकून मोकळं व्हायचं असतं, त्यामुळे स्वस्त मिळतो. आधी ही प्रथिनं खाद्यात कशातून येत होती? सोयाबीनच्या पेंडीतून. पेंडीची मागणी घटली की सोयाबीनचा भाव घसरतो.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. चाचांचं सोयाबीन लातूरच्या बाजारात ४,१०० ने गेलं. जगभरात झालेलं मोठं उत्पादन, खाद्यतेलाची आयात अशी त्याची आणखीही कारणं होती. पण डीडीजीएस हे त्यातलं एक कारण होतं आणि सोयाबीन उद्योगाने ते जाहीरपणे मांडलं होतं. म्हणजे ज्या इथेनॉलचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकत होतो, त्याच्याच चोथ्याने माझ्या चाचांच्या सोयाबीनला धक्का दिला होता. आणि त्याच सोयाबीनला कंटाळून ते आता इथेनॉलसाठी ऊस लावायला निघाले होते.

जैवइंधनाच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. जमीन, पाणी आणि धान्य यांची ही एकमेकांत गुंतलेली व्यवस्था आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एका मोड्यूलमध्ये बदल केला की बाकी कुठे काय तुटलं ते तपासतो. इथे बदल लाखो हेक्टरांवर झाला, आणि तुटलं काय ते तपासायची जबाबदारी कुणावरच नाही.

गाड्यांबद्दलही दोन शब्द, कारण सोशल मीडियावर सगळी चर्चा तिथेच अडकली आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या, ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के घटू शकतं, हे निती आयोगाच्याच आराखड्यात लिहिलं होतं. गॅरेज चालवणारा माझा मामेभाऊ सांगतो, की जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर आता नियमित बघावे लागतात. ही तक्रार खरी आहे. पण मायलेजवर रात्रभर भांडणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये पाण्याबद्दल एकही मेसेज नसतो, हे मला खटकतं.

शेत न लावता मिळणारं इंधन

मग जैवइंधन नकोच का? मी तसं म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की पाणी घालून मुद्दाम पिकवलेलं इंधन आणि उरलेल्यातून काढलेलं इंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांना ‘हरित’ हे एकच नाव देणं चूक आहे.

आपल्या शिवारात उरतं काय? उसाचं पाचट, जे अजूनही अनेक जण पेटवून देतात. सोयाबीनचं भुसकट. तुराट्या, पऱ्हाट्या. शेण. कारखान्याचा प्रेसमड. बाजार समितीतला सडका भाजीपाला. यांच्यासाठी वेगळं पाणी लागत नाही. शेण, प्रेसमड, भाजीपाला कुजवून बायोगॅस मिळतो, तो शुद्ध करून दाबला की सीएनजीसारखा गाडीत भरता येतो. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यासाठी ‘सतत’ नावाची योजना सुरू केली. काड-कचऱ्यापासून इथेनॉलही होतं. हरियाणात पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी उभारलेला प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. ते तंत्रज्ञान महाग आणि अवघड आहे. बायोगॅस सोपा आहे, आणि त्यातून निघणारी स्लरी खत म्हणून शेतात परत जाते. काडी निव्वळ जाळली तर मातीला काहीच मिळत नाही. जनावरांचा चारा आणि मातीचा वाटा ठेवून जे उरेल तेवढंच वापरायचं, ही अट मात्र पाळावी लागेल.

लहान प्रमाणावर हे आज करता येतं. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उष्ट्या-खरकट्या अन्नावर चालणारा घरगुती बायोगॅस संच विकसित केला आणि २००६ मध्ये त्याला जागतिक ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आता आपल्या शहरांतले शादीखाने आठवा. एका वलीम्यानंतर किती भात आणि सालन कचऱ्यात जातं? वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. उरलेल्या अन्नाचा गॅस करून त्याच शादीखान्याची चूल पेटवणं हे तिच्याशी सुसंगत काम आहे. त्यासाठी कुठल्याही मंत्र्याची वाट बघावी लागत नाही. कमिटीतल्या चार तरुणांनी मनावर घ्यावं लागतं.

आपल्या भागात पिकाचाही एक पर्याय होता, गोड ज्वारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर अनेक वर्षं काम केलं. कणसाला दाणा, धाटाच्या रसापासून इथेनॉल आणि चोथ्याचा चारा. चार महिन्यांचं पीक, पाणी उसाच्या कितीतरी कमी. नांदेडला टाटा केमिकल्सने गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्याचा प्रकल्पही उभारला होता. ती वाट पुढे रुळली नाही. या रसाची अडचण अशी, की धाट कापल्यावर तो लवकर बिघडतो आणि हंगाम थोडक्याच दिवसांचा असतो. त्याआधी जट्रोफाचंही असंच झालं होतं. पडीक जमिनीवर डिझेल उगवेल असा गाजावाजा झाला, २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, आणि रोपं बहुतेक ठिकाणी बांधावरच राहिली. उसाच्या मागे मात्र कारखाना, कायदा, बँक आणि राजकारण सगळं उभं होतं. म्हणून ऊस टिकला.

एका एकराची तुलना

एक हिशेब मी चाचांसाठी मुद्दाम केला. एका एकरात ४० टन ऊस निघाला आणि सगळ्याचं इथेनॉल केलं, तर २,८०० लिटर होतं. ऊर्जेच्या भाषेत ते सुमारे १,८५० लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. लिटरला ४५ किलोमीटर देणारी मोटरसायकल त्यावर वर्षाला ८० हजार किलोमीटरच्या आसपास धावेल.

त्याच एकरावर सौर पॅनेल बसवले तर? एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे एकरी तीन लाख युनिट. इलेक्ट्रिक स्कूटरला शंभर किलोमीटरला तीन युनिट धरली, तर एक कोटी किलोमीटर. हा ढोबळ हिशेब आहे. गळती धरा, माझी चूक धरा, उत्तर निम्मं करा. तरी फरक पन्नासपटींचा राहतो, आणि पाणी लागतं ते फक्त पॅनेल धुवायला.

याचा अर्थ चांगल्या जमिनीवर पॅनेल लावावेत असा नाही. छपरं आहेत, माळरानं आहेत. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतात, वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये. अर्थ एवढाच, की स्कूटर आणि रिक्षा चालवण्यासाठी भूगर्भातलं पाणी जाळायची गरज नाही. ट्रक, ट्रॅक्टर, विमान यांना अजून काही काळ द्रव किंवा वायू इंधन लागेल. जैवइंधन थोडंच आहे, ते तिथे वापरावं.

चाचा काय म्हणाले

चार दिवसांनी मी हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आहे बेटा. आता माझा ऐक. सप्टेंबरात एवढा पाऊस झाला, सोयाबीन शेतात सडलं. शेजारचा ऊस पाण्यात उभा होता, तो वाचला. सोयाबीनला हमीभाव कागदावर. तुरीचं आज एक, उद्या एक. उसाला कारखाना टोळी पाठवतो, गाडी पाठवतो, उशिरा का होईना बिल देतो. पाणी मला कळत नाही का? बोअर मी मारलाय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी माझी आहे, जोखीम त्यांची.

पण त्यांच्या बोलण्यातच खरा मुद्दा होता. मराठवाड्याचा शेतकरी हावरट आहे म्हणून ऊस लावत नाही. कायद्याने ठरलेला भाव आणि दारात येणारा खरेदीदार या देशात सर्वांत तहानलेल्या पिकाला मिळतो. २०२४-२५ मध्ये उसाची एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती आणि ती देणं कारखान्याला बंधनकारक होतं. सोयाबीन, तूर, ज्वारी यांच्या हमीभावाला तसं कायद्याचं बळ नाही. त्यात इथेनॉलने उसाला आणखी एक हमी दिली. मग शेतकऱ्याने दुसरं काय निवडावं?

म्हणून माझी मागणी चाचांकडे नाही, धोरण ठरवणाऱ्यांकडे आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक डिस्टिलरीने कोणता कच्चा माल किती वापरला आणि तो कोणत्या पाण्यावर आला, हे दरवर्षी जाहीर करावं. इथेनॉलचा दर ठरवताना पाण्याची किंमत धरावी. रसाला आणि मळीला वेगळे दर आहेतच, मग ठिबकवरच्या आणि मोकाट पाण्यावरच्या उसात फरक का नको? जी तत्परता इथेनॉलच्या खरेदीत दाखवली, ती सोयाबीन आणि तुरीच्या खरेदीत दाखवावी. आणि उरलेल्या काडी-कचऱ्यावरचे बायोगॅस प्रकल्प शेतकऱ्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे असावेत. नाहीतर ऊर्जादाता शेतकरी आणि नफा दुसऱ्याचा, असंच होईल.

तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्यातली बरीच मुलं गॅरेजमध्ये, ड्रायव्हिंगमध्ये, वायरिंगच्या कामात आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांची दुरुस्ती, सौर पंप, बायोगॅस संच ही उद्याची कामं आहेत, ती आजच शिकायला घ्या. गावात असाल तर ग्रामसभेला जा आणि विचारा, आपल्या शिवारात बोअर किती, त्यांची खोली किती, दहा वर्षांपूर्वी किती होती. पाण्याचा प्रश्न कुणा एका समाजाचा नाही, पण तो विचारणाऱ्यांत आपणही दिसलो पाहिजे. आणि ग्रुपवर इंधनाचा पुढचा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: ते कशापासून झालं, त्याला पाणी कुठून आलं आणि त्याच्यामुळे कुणाचं काय हिरावलं गेलं.

चाचांनी शेवटी एक एकरच ऊस लावला, ठिबकवर. दुसऱ्या एकरात हरभरा पेरला. ठिबकच्या खर्चातला निम्मा वाटा मी उचलला. सल्ला फुकट देऊन मोकळं होणं मला बरं वाटलं नाही. ग्रुपवरचा माझा तो जुना मेसेज अजून तिथेच आहे. मी तो डिलीट केला नाही, फक्त त्याच्याखाली पाण्याचा हिशेब लिहून टाकला. खालांनी तो वाचला आणि २०१६ मधला घराच्या दाराशी रांगेत ठेवलेल्या घागरींचा फोटो पाठवला.